एका शाळेचे चार कासरे

एका तरुण पालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नुकताच आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत. तीन शिक्षक होते, आता दोनच राहिले. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो तर म्हणाले, जिल्ह्याचा विषय आहे. जिल्ह्याला विचारलं तर शासन स्तरावरचा विषय. टीव्हीवर ऐकतो की शिक्षणाचं धोरण दिल्लीत ठरतं. मग ही शाळा आहे तरी कुणाची? देशाचं शिक्षण चालतं तरी कसं?"

मी आधी बरीच वर्षं वर्गावर होते, मग केंद्रप्रमुख, म्हणजे साधारण दहा शाळांच्या गटावरची (त्यालाच 'केंद्र' म्हणतात) अधिकारी, झाले आणि निवृत्त झाले ती शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून. त्यामुळे ही व्यवस्था मला खालून दिसली आहे आणि खालूनच सांगता येईल. वरून काढलेले तक्ते फार नीटनेटके दिसतात. दिल्ली, मुंबई, पुणे, जिल्हा, तालुका, शाळा अशी सरळ उतरंड. ती उतरंड खोटी नाही, पण तेवढ्यावर विसंबून तुम्ही तक्रार घेऊन निघालात तर आत्ता झालं तसंच होणार. प्रत्येक जण वरच्याकडे किंवा शेजारच्याकडे बोट दाखवणार.

आधी एक गोष्ट करा. शाळेत गेलात की कार्यालयाबाहेरची भिंत बघा. शाळेच्या नावाखाली ११ अंकी क्रमांक रंगवलेला असेल, तो यू-डायस, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणाऱ्या प्रणालीचा, क्रमांक. पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन तुमच्या जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन गावातल्या त्या एका शाळेचे. डोंगरातली वस्तीशाळा असो की शहरातली मोठ्या फीची शाळा, या क्रमांकाशिवाय देशाच्या हिशेबात ती नसते. दिल्लीला तुमची शाळा दिसते ती या ११ अंकांतून. तिथे पट दिसतो, खोल्या दिसतात, स्वच्छतागृहं दिसतात, वीज आहे की नाही तेही दिसतं. दिसत नाही ते एकच: या शाळेबद्दलचा कुठला निर्णय कोण घेतं. तो कुणा एकाच्या हातात नाही. बैलाचा कासरा एका हातात असतो म्हणून गाडी वाटेवर राहते. आपल्या शाळेला चार कासरे आहेत आणि ते चार वेगळ्या हातांत आहेत.

पहिला कासरा नोकरीचा आणि पगाराचा. शिक्षक कुठे, किती, कुणाच्या हुकमाने. दुसरा शिकवण्याचा: अभ्यासक्रम, पुस्तकं, प्रशिक्षण. तिसरा परीक्षेचा. चौथा योजनांचा आणि आकड्यांचा, तो केंद्र सरकारच्या पैशाबरोबर येतो. हे चारही एकत्र येतात ते थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर. मध्ये कुठेही नीट गाठ पडत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यायची पद्धत आणली. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग बसला. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं की सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा घालतं आणि तो ज्यांच्या करातून येतो त्या शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा नाही. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. सक्ती काही झाली नाही. आयोगाची एक शिफारस मात्र आजही तुमच्या तालुक्यात उभी आहे. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांनी चालवाव्यात आणि माध्यमिक शिक्षण अनुदान देऊन खाजगी संस्थांवर सोपवावं, ही ती शिफारस. आपले आजोबा-पणजोबा गावच्या शाळेला 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणत, ती हीच. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. हायस्कुलं मात्र संस्थांकडेच राहिली. म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात चौथी-पाचवी किंवा सातवीपर्यंतची शाळा बहुधा जिल्हा परिषदेची, तर पुढचं हायस्कूल कुठल्या तरी शिक्षण संस्थेचं. एकाच गावातली दोन्ही मास्तर मंडळी, पण एकाचा मालक वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, पगार मात्र दोघांचाही शेवटी राज्याच्या तिजोरीतून.

राज्यघटनेने सुरुवातीला शिक्षण राज्यांच्या सूचीत ठेवलं होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात आणि विरोध आला तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्याचा कायदा, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. घटनेच्या ४५ व्या कलमात हेच काम दहा वर्षांत करायचं म्हणून लिहिलं होतं. म्हणजे १९६० च्या आसपास व्हायला हवं होतं ते हक्क म्हणून हातात पडायला पन्नास वर्षं जास्त लागली. हा आकडा मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत असे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तिसरा शिक्षक कुठे गेला?

शिक्षकांची संख्या ठरते संच मान्यतेने, म्हणजे पटाप्रमाणे शाळेला किती पदं मंजूर ते सांगणाऱ्या आदेशाने. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. राज्याने यावर वेळोवेळी आपले शासन निर्णय काढले आहेत, पण पाया हा. मुलं मोजतात ती दर वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर. मुख्याध्यापक ऑनलाइन माहिती भरतात, केंद्र आणि गट स्तरावर ती तपासली जाते आणि संच मान्यता पुण्याच्या संचालनालयाकडून ऑनलाइनच निघते. गावात बसून कुणी ती वाढवू शकत नाही, तालुक्यात बसूनही नाही.

माझ्या भागातल्या एका शाळेचं सांगते. पट ६२. तीन शिक्षक, सगळे मन लावून काम करणारे. संच मान्यतेत आधार जुळलेलीच मुलं धरायची असं ठरलं त्या वर्षी मी स्वतः तिथे बसून यादी तपासली. ६० मुलांपुढे हिरवी खूण, दोघांपुढे लाल. एका मुलीचं घरातलं लाडाचं नाव आधारवर आलेलं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला पाळण्यातलं नाव. दुसऱ्या मुलाचं आधार काढलेलंच नव्हतं. आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जाणारे, मूल आजीजवळ. दोन्ही मुलं माझ्यासमोर वर्गात बसलेली, दुसरीतली मुलगी तर फळ्यावर बेरीज करून दाखवत होती. कागदावर मात्र पट ६०. एका पदावर फुली पडली. तिसऱ्या बाई 'अतिरिक्त' ठरल्या आणि समायोजनात चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत गेल्या. मागे राहिलेल्या दोघांत पाच वर्ग. एक गुरुजी पहिली-दुसरीला, दुसरे तिसरी-चौथी-पाचवीला आणि मुख्याध्यापकाचं कामही त्यांच्याकडेच. यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी मुद्दाम कुणाचं वाईट केलं नाही. प्रत्येकाने आपापली खिडकी नियमाप्रमाणे भरली. मला त्या संध्याकाळी घरी जाताना रडू आलं होतं हे मी लपवत नाही.

तुमच्या शाळेतही असंच काही झालं आहे का, हे आधी तपासा. कारण शिक्षक कमी होण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि लोक ती एकत्र करतात. एक, पदच मंजूर नाही. दुसरं, पद मंजूर आहे पण भरलेलं नाही. पहिल्याचं उत्तर पटात असतं, दुसऱ्याचं भरतीत.

भरती आता जिल्हा परिषद आपल्या मनाने करत नाही. आधी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ती आपल्याकडे २०१३ पासून आहे. मग अभियोग्यता चाचणी आणि त्या गुणांवर पवित्र या शासनाच्या ऑनलाइन भरती पोर्टलमधून निवड. पोर्टल आल्याने वशिला कमी झाला, हे मी मनापासून मान्य करते. पूर्वी काय चालायचं ते आम्ही पाहिलं आहे. पण पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि पुढची थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत माणसं निवृत्त होतच होती. त्या रिकाम्या खुर्च्या तुमच्या गावापर्यंत पोचल्या असतील तर नवल नाही. निवड झालेला उमेदवार पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मानधन होतं, आता १६,००० आहे. सहा हजारांत घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात राहिलेली मुलं-मुली माझ्या केंद्रात होती. शिक्षक गावात राहत नाहीत असं कुणी म्हणालं की मला ती आठवतात.

या पहिल्या कासऱ्याची साखळी अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. तिथून पुढे विभागीय उपसंचालक, पुण्यात संचालक आणि शिक्षण आयुक्त, शेवटी मुंबईत मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग. शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, पण पगार राज्याच्या तिजोरीतून शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीने. म्हणून कारवाई जिल्हा करू शकतो आणि पदं राज्य ठरवतं.

हायस्कूलचं गणित निराळं. तिथे नेमणूक संस्थेची, सेवाशर्ती १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या, पगार वेतन पथक या शासकीय कार्यालयामार्फत शासनाचा आणि देखरेख शिक्षणाधिकारी माध्यमिक यांची. तीही सगळी सारखी नाहीत: काही पूर्ण अनुदानित, काही टप्प्याटप्प्याने अंशतः अनुदानावर आलेली, काही विनाअनुदानित, काही स्वयंअर्थसहाय्यित. एकाच इमारतीत एका तुकडीच्या शिक्षकाला पूर्ण पगार आणि शेजारच्या तुकडीच्या शिक्षकाला जवळजवळ काहीच नाही, असं चित्र मी पाहिलं आहे. दोघे एकच धडा शिकवत होते.

दुसरा कासरा शिकवण्याचा. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या संस्था म्हणजे राष्ट्रीय पातळीवर १९६१ पासून एनसीईआरटी, राज्यात पुण्याची एससीईआरटी, जिल्ह्यात डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), तालुक्यात गट साधन केंद्र आणि शेवटी आमचं केंद्र. पुस्तकं काढते बालभारती, तिची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. कागदावर ही साखळी पहिलीइतकीच लांब आहे, पण ताकद अजिबात तेवढी नाही. डाएटचे अधिव्याख्याते शिक्षकाला सुचवू शकतात, सांगू शकत नाहीत. गट साधन केंद्रातली विषय साधनव्यक्ती बहुतेक कंत्राटी. तिचं स्वतःचं पुढच्या वर्षाचं ठरलेलं नसतं आणि तिने वीस वर्षं नोकरी झालेल्या गुरुजींना वाचन कसं शिकवावं हे समजवायचं. तरीही काही साधनव्यक्तींनी फार मोलाचं काम केलं. आमच्याकडच्या एका बाई दुचाकीवर पुठ्ठ्याचं खोकं बांधून फिरत. खोक्यात गणिताच्या काड्या, दशकाचे गठ्ठे, अक्षरकार्डं. आल्या की आधी मुलांत बसायच्या, शिक्षकाशी मागाहून बोलायच्या. त्या वर्गातली मुलं वजाबाकीत हातचा का घेतात हे सांगू शकत होती. तशी माणसं साखळीने तयार केली नव्हती. ती साखळीत असूनही तशी होती.

तिसऱ्या कासऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या शाळेला तो थेट लागत नाही. दहावी-बारावीची परीक्षा घेतं पुण्यातलं राज्य मंडळ, त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत. ते पगाराच्या साखळीत नाही, तरी आख्खं हायस्कूल त्याच्याकडे तोंड करून चालतं. अकरावी-बारावी हा आणखी एक गुंता. वर्ग भरतो पुष्कळदा कॉलेजच्या इमारतीत, पण तो शालेय शिक्षण विभागाचा. वरच्या मजल्यावरचं पदवीचं वर्ष उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं आणि विद्यापीठाचं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, ती शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीमुळे. ती मात्र शाळेतच होते, मंडळाकडून नाही.

चौथा कासरा दिल्लीचा, आणि टीव्हीवर ऐकता तो बहुतांशी हाच. धोरण दिल्लीत ठरतं हे खरं आहे. १९६८, १९८६ आणि २०२० अशी तीन मोठी धोरणं झाली. पहिल्यामागे १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग होता. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा ही त्या आयोगाची शिफारस आजच्या धोरणातही पुन्हा लिहावी लागली आहे. पण धोरण म्हणजे हुकूम नव्हे. राज्याने ते राबवावं यासाठी केंद्राकडे कायदा आहे आणि त्याहून जास्त उपयोगी पडतो तो पैसा. १९८७ मध्ये खडू-फळा योजना, १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून माध्यमिकसुद्धा एकत्र करून समग्र शिक्षा. आपल्यासारख्या राज्याला केंद्र ६० रुपये देतं तेव्हा राज्याने ४० घालायचे असतात.

पैसा किती ठिकाणांहून येतो ते एकाच वर्गखोलीत उभं राहून मोजता येतं. समोरच्या गुरुजींचा पगार राज्याचा. डोक्यावरचं छप्पर बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आणि बांधकाम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं. मुलाच्या हातातलं पुस्तक बालभारतीने छापलेलं, पैसे समग्र शिक्षेचे. दुपारच्या खिचडीतला तांदूळ केंद्राचा, अन्न महामंडळाच्या गोदामातून आलेला, पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५०. फोडणीचं तेल आणि डाळ केंद्र-राज्य मिळून. नळाचं पाणी ग्रामपंचायतीचं. आवारातली अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. वर्षाचा संयुक्त शाळा अनुदानाचा आकडा पटावर: ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. त्यात खडू, झाडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. अलीकडे हा पैसा शाळेच्या खात्यावर येऊनही पडत नाही; खर्चाची मर्यादा येते आणि ती मार्चअखेर वापरली नाही तर जाते. अध्यक्ष म्हणून तुम्हाला हे पहिल्याच वर्षी कळेल.

या प्रत्येक पैशाबरोबर एक फॉर्म येतो. पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी, यू-डायस वेगळं, विद्यार्थी पोर्टल वेगळं, गणवेशाची यादी वेगळी, उपक्रमाचे फोटो वेगळे. सगळ्यांत मुलांची तीच नावं. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये. पण शाळेचीच माहिती दहा जागी भरायची असेल तर ते या कलमात बसत नाही, ते 'शैक्षणिक' धरलं जातं. दोन शिक्षकी शाळेत एक जण मोबाइलवर माहिती भरत असेल तेव्हा अर्धी शाळा बंद असते, हे मी सभांमध्ये बोलले आणि पुन्हा बोलते.

अंगणवाडीचा मुद्दा जरा थांबून बघावा असा आहे. २०२० च्या धोरणाने जुना १०+२ चा आकृतिबंध मोडून ५+३+३+४ केला. पहिल्या पाच वर्षांत तीन वर्षं पूर्वप्राथमिकची आणि पहिली-दुसरी. शिकण्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पहिलीत येणारं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही हे प्रत्येक पहिलीच्या बाईंना माहीत असतं. पण ही पाच वर्षं दोन खात्यांत वाटलेली आहेत. १९७५ पासून अंगणवाडी महिला व बालविकासकडे. सेविका मानधनावर, पर्यवेक्षिका वेगळी, प्रशिक्षण वेगळं. मध्ये फक्त एक भिंत. मी केंद्रप्रमुख असताना माझ्या केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेला आवारातल्या अंगणवाडी सेविकांना बोलवत असे, नुसत्या तोंडी निमंत्रणावर. त्या यायच्या, मागे बसायच्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बोलायला लागल्या. कोणतं मूल अजून बोबडं बोलतं, कोण घरात फक्त बोलीभाषा ऐकतं, कुणाला चष्मा लागेल असं वाटतं, हे सगळं पहिलीच्या शिक्षकाला जूनच्या आधीच कळू लागलं. यासाठी कुठलाही आदेश लागला नव्हता. आदेश नसल्यामुळेच माझी बदली झाल्यावर ते थांबलंही.

म्हणून माझं ठाम मत आहे की या व्यवस्थेची गाठ मारायची जागा शाळांचं केंद्र ही आहे. १९९४ मध्ये राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं निर्माण झाली, साधारण दहा शाळांमागे एक. एवढ्या शाळा एका माणसाला महिन्यातून एकदा तरी नीट बघता येतात. मुख्याध्यापकाची अडचण, शिकवण्यातली उणीव, पोषण आहाराचा तांदूळ आणि पटाचा आकडा, चारही कासरे एका नजरेत येणारी ही एकच खुर्ची आहे. आणि वर्षानुवर्षं तीच सगळ्यांत जास्त रिकामी. माझ्याकडे माझ्या ११ शाळा होत्या आणि शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार. भेटीला गेले की शेरेबुकात दोन पानं लिहायची इच्छा असायची आणि निघताना चार ओळी लिहून व्हायच्या, कारण तालुक्याहून फोन आलेला असायचा की अमुक माहिती दुपारी दोनपर्यंत पाठवा. शाळा बघायला नेमलेला माणूस टपाल गोळा करणारा होतो, आणि मग शाळा बघणारं कुणीच राहत नाही.

आता तुम्ही काय करायचं. तुमच्या समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शिक्षण हक्क कायद्याने तुम्हाला शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार दिला आहे आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा असं २२ वं कलम म्हणतं. बहुतेक शाळांत तो मुख्याध्यापक एका रात्रीत भरतात आणि समितीच्या सह्या होतात. यंदा तो बैठकीत बसून करा.

शिक्षकाच्या बाबतीत आधी मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाची संच मान्यता मागून घ्या. ती गुप्त नसते. मंजूर पदं तीन आणि हजर दोन असं असेल तर लेखी अर्ज जिल्हा परिषदेला करा आणि २६ व्या कलमाचा उल्लेख करा: मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. तीन पदांच्या शाळेत एक रिकामं म्हणजे तेहतीस टक्के. कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेने, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्या, पण त्यांच्या टेबलाशी भांडू नका. पद मंजूर करणं त्यांच्या हातात नाही. तालुक्यात एखाद्या शाळेत जास्त शिक्षक असेल तर तात्पुरती व्यवस्था सुचवणं मात्र आहे, ती त्यांच्याकडे मागा.

मंजूर पदंच दोन असतील तर प्रश्न पटाचा आहे, आणि तिथे तुमच्याइतकं कुणीच करू शकत नाही. गावातली किती मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात ते तुम्हाला माहीत आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी घरं तुम्हाला माहीत आहेत. त्यांची मुलं आजी-आजोबांजवळ राहू शकतील का, हे विचारायला शिक्षक गेला तर एक उत्तर मिळतं आणि गावचा माणूस गेला तर दुसरं. आणि ऑगस्टमध्येच एकदा मुख्याध्यापकांशेजारी बसा. एका बाजूला जनरल रजिस्टर, दुसऱ्या बाजूला मुलांची आधार कार्डं. एकेक नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख मोठ्याने वाचून जुळवा. जिथे 'राणी' आणि 'राजनंदिनी' असा फरक दिसेल तिथे त्याच आठवड्यात त्या आईला घेऊन आधार केंद्रावर जा. साठ-सत्तर मुलांना दोन संध्याकाळी पुरतात.